ओठांची रांग

ऋजुता कानडे गुरुवारी सकाळी सरावाला आली ती उजव्या गालात अख्खा बुंदीचा लाडू ठेवल्यासारखी.

"काय खातेयस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"तोंड उघड."

तोंड उघडलं ते बडीशेपेचा दाणा जाईल एवढंच, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लाडू नव्हता. गालच होता. मी तिला बाकावर बसवलं आणि वळलो, तर तिच्या शेजारचा प्रथमेश दोन्ही हातांनी जबडा धरून उभा होता. त्याच्या शेजारच्या मुलीने आईची ओढणी गळ्याभोवती गुंडाळून डोक्यावर गाठ मारली होती.

"गिळताना दुखतंय, सर," ती गाठीखालून म्हणाली.

"अजून कोणाकोणाला दुखतंय?"

पुढच्या अख्ख्या रांगेने हात वर केले. मागच्या रांगेत एकही हात नाही. मागची रांग नेहमीसारखी ठणठणीत होती आणि नेहमीसारखीच गप्प.

डॉक्टरांना शाळेत बोलावलं. त्यांनी दारातूनच पाहिलं, "गालगुंड, सगळ्यांना घरी पाठवा," म्हणाले, आणि आपण स्वतः लहानपणी हे दुखणं काढलंय की नाही हे आईला विचारायला घाईने निघून गेले.

शनिवारी तालुक्याची समूहगीत स्पर्धा होती.

ही हकीकत बार्शीची, शाळांमधून नुकते कॉम्प्युटर यायला लागले होते तेव्हाची. मी पुण्याला गवई व्हायला गेलो होतो आणि न होता परत आलो होतो. माझ्या शेवटच्या बैठकीला श्रोत्यांपेक्षा तंबोरे जास्त होते. सासऱ्यांनी लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढे 'बी. ए.' छापून पुढे थोडी जागा मोकळी सोडली होती. पुढेमागे काही लागलंच तर शाईने भरता येईल म्हणून. मग शाळेत दुसरी ते चौथीच्या मुलांना गाणं शिकवायचं काम मिळालं आणि ती जागा एकदाची भरली. काम तासिका तत्त्वावर होतं. म्हणजे तास असेल तोवर मास्तर, तास संपला की नागरिक.

आणि तास संपायच्या बेतात होते. संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब शेटे यांची बाजारात आडत होती. कुठलाही प्रश्न ते मुठीत घेऊन, फुंकर मारून, एका वाक्यात निकालात काढत. माझा प्रश्न त्यांनी भर बैठकीत काढला होता.

"हे बघा वैरागकर. खोली एक हाय. यंदा ढाल आली तर पेटी. नाय आली तर कॉम्प्युटर."

ढाल म्हणजे त्या स्पर्धेची फिरती ढाल. दोन वर्षं ती फिरायची थांबून आमच्याच कपाटात बसली होती, आणि त्याचं श्रेय मुख्याध्यापिका धारूरकर बाईंच्या पद्धतीला होतं. वर्षाच्या सुरुवातीला बाई स्वतः पेटीचा सूर धरत आणि एकेका मुलाला 'सा' लावायला सांगत. लागला तो पुढच्या रांगेत. तिला गळ्याची रांग म्हणत. नाही लागला तो मागच्या रांगेत. ती ओठांची. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मुलांची संख्या भरावी लागे, म्हणून ही मागची रांग. तिने सगळं करायचं. गणवेश, रिबिनी, ताठ मान, शब्दाशब्दाला ओठ. फक्त आवाज तेवढा काढायचा नाही. मी कामाला लागलो त्या दिवशी बाईंनी ही पद्धत मला पिण्याच्या पाण्याची टाकी दाखवावी तशी दाखवली. मी बघून घेतली. तासिका तत्त्वावरच्या माणसाने तत्त्वांबद्दल फार बोलू नये.

ओठांच्या रांगेत बरोबर मधोमध कावेरी शेटे उभी असे. अप्पासाहेबांची नात. तिचा 'सा' लागला नव्हता, आणि हे अख्ख्या शाळेत एकट्या अप्पासाहेबांना माहीत नव्हतं. ते दोन्ही वर्षं पहिल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि नंतर बाजारात भेटेल त्याला सांगत होते, "एवढ्या पोरांत आमच्या कावेरीचा आवाज कसा येगळा निघतो, ऐकलं का?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. बाजारात त्यांच्याकडे माल घालणाऱ्यांनी तर जास्तच.

गळ्याची रांग घरोघरी पोचती झाल्यावर बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"पसरलं कसं पण हे?" त्या कपाळ धरून म्हणाल्या. "आणि पसरलं तर सगळ्यांत पसरावं. मागच्या रांगेतल्या एकाला नाही!"

मी टेबलावरच्या स्टीलच्या डबीकडे पाहिलं. डबीत ज्येष्ठमधाची एक जाडजूड काडी असे. मुलांचे गळे गोड राहावेत म्हणून बाईंनी ती माहेराहून मागवली होती. महिनाभर रोज सराव संपला की ती काडी गळ्याच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. दोनदा चोखायची, फ्रॉकला पुसायची, पुढे द्यायची. ओठांच्या रांगेला काडी नव्हती. ओठांना ज्येष्ठमध कशाला?

माझ्यामागोमाग बाईंनीही डबीकडे पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग डबी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

"साथ आहे गावात," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

"नाव मागे घेता येणार नाही. यजमान आपण. मांडव अप्पासाहेबांनी दिलाय. सोलापूरहून पाहुणे बोलावलेत त्यांनी नातीचं गाणं ऐकायला."

"पण गाणार कोण?"

बाईंनी आवाज खाली आणला. "मागच्या वर्षीची कॅसेट आहे."

गाणं आमचं दरवर्षी तेच असे. बाईंनीच लिहिलेलं. 'आम्ही पणती, आम्ही वाती, आम्ही तेल अन् आम्हीच ज्योती.' दिव्यातलं काही म्हणून त्यांनी दुसऱ्या शाळेसाठी ठेवलं नव्हतं.

"पडद्यामागे टेपरेकॉर्डर ठेवायचा," बाई म्हणाल्या. "मी स्वतः बसते. तुम्ही पेटीवर नुसती बोटं फिरवा, भाता हलवू नका. आणि मुलं..."

"ओठ हलवतील."

"दोन वर्षांची तयारी आहे त्यांची! तालुक्यात कोणाची नसेल एवढी."

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, "आणि कोणाला कळलं तर?"

"दोन वर्षांत कळलं?"

नव्हतं कळलं. शिवाय कॅसेट म्हणजे ढाल, ढाल म्हणजे पेटी, आणि पेटी म्हणजे मी. तरी जाता जाता म्हणालो, "एकदा त्यांना गाऊन तर बघू दे."

"बघा. पण खिडक्या लावून घ्या."

दुपारी खिडक्या लावल्या. ओठांची रांग पहिल्यांदाच पुढच्या बाकांवर बसली होती आणि परक्याच्या घरात सोफ्यावर बसावं तशी अवघडली होती. मी सूर दिला. "चला, म्हणा."

सगळ्यांनी माना ताठ केल्या आणि ओठ हलवले. अख्खं गाणं, पहिल्या पणतीपासून शेवटच्या ज्योतीपर्यंत. कुठे चूक नाही. आवाजही नाही. पेटी तेवढी वाजत राहिली.

"आवाजासकट," मी म्हणालो.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"मोठ्यांदा?" कावेरीने विचारलं. तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागी तेव्हा एकच होता.

"मोठ्यांदा."

"आम्हाला आवाज नाहीये, सर."

"मग आत्ता कशाने बोललीस?"

"हा बोलायचा. गायचा नाहीये. बाई म्हणाल्यात. आणि घरी सांगायचं नाही, असं पण म्हणाल्यात."

"मग आजोबा गाण्याचं विचारतात तेव्हा काय सांगतेस?"

"आजोबा विचारत नाहीत," कावेरी म्हणाली. "आजोबाच सांगतात."

शेवटी त्यांनी आवाज काढला. मी आयुष्यात पुष्कळ वाईट गाणं ऐकलंय, त्यातलं काही माझ्याच तोंडून. पण असं नाही. निम्मी मुलं ज्योतीपर्यंत पोचायच्या आतच विझली. उरलेली किंचाळली. व्हरांड्यातून शिपाई धावत आला, कोणाला लागलं का विचारून गेला.

मी म्हणालो, "बसा गप्प, घंटा होईपर्यंत." त्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पेटी बंद करायची ती मी केली नाही. नोकरी जाणार असली की माणसाला पेटीचा लळा लागतो. मी आपला स्वतःसाठी तेच गाणं वाजवत बसलो. बोटं सवयीने माझ्या पट्टीवर गेली, काळी एकवर. एरवी हे गाणं काळी तीनमधून व्हायचं, बरंच उंचावरून, कारण ऋजुताचा गळा तिथे मोकळा सुटायचा आणि उरलेल्या शाळेने टाचा वर करून तिच्यामागून जायचं असे.

दुसऱ्या ओळीला मागे कोणीतरी गुणगुणतंय असं वाटलं. मी मागे पाहिलं नाही. चिमणी दाणे टिपायला आली की हलू नये, एवढं मला कळतं. तिसऱ्या ओळीला गुणगुण आणखी दोन बाकांवरून आली. मग शब्द आले. शब्द चोख, ठेका चोख. दोन वर्षं त्यांनी हे गाणं ऐकलं होतं. त्यांना दुसरं कामच नव्हतं. आवाज घोगरे होते, कोवळे होते, एखादा वाट सोडून शेजारच्या स्वरात शिरत होता आणि चूक कळल्यासारखा परत येत होता. पण गाणं चाललं होतं. ओळखू येत होतं.

अंतऱ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून एकदम नाक वर ओढलं.

मी पेटी थांबवली. "हे काय?"

"गाण्यात आहे," कावेरी म्हणाली.

"गाण्यात नाही. ऋजुताला सर्दी असते."

"दरवेळी तिथेच असते, सर."

मी पेटीकडे बघत राहिलो. वर्षाच्या सुरुवातीला बाई पेटीवर बोट ठेवून 'सा' मागायच्या, ते बोट मला आठवत होतं. तेही काळी तीनवरच असायचं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात गेलो. "बाई, काळी एकमध्ये जमतंय त्यांना."

"जमतंय म्हणजे ढाल येईल?"

"ढाल नाही येणार."

"मग कॅसेट," बाई म्हणाल्या, आणि शिपायाला टेपरेकॉर्डरचे सेल आणायला पाठवलं.

मी मान हलवून बाहेर पडलो. तो सगळा दिवस मात्र मुलांना घेऊन बसलो. कशासाठी, ते मी स्वतःला विचारलं नाही आणि मुलांनीही मला विचारलं नाही. त्यांना खंड पडलेला चालत नव्हता, एवढं खरं. मधल्या सुट्टीत डबे तसेच ठेवून एकेक येऊन उभा राहायचा. "सर, परत एकदा." माझ्या गाण्याला 'परत एकदा' म्हणणारं माणूस मी पुण्यात बरीच वर्षं शोधत होतो. ते बार्शीत चौथीच्या वर्गात होतं आणि त्याच्या हाताला लोणचं लागलेलं होतं.

शनिवारी मांडव गच्च भरला. अप्पासाहेब पहिल्या खुर्चीवर, दोन्ही बाजूंना सोलापूरचे पाहुणे. आमच्या आधीच्या शाळा गाऊन गेल्या. त्यातली गिरणीकडची शाळा इतकी चांगली गायली की मी मनातल्या मनात कॉम्प्युटरला खोलीत जागा करून दिली. मग आमचं नाव पुकारलं. अप्पासाहेबांनी पाहुण्यांना कोपराने ढोसलं आणि डोळे मिटून घेतले.

ओठांची रांग पुढे येऊन उभी राहिली. आता मागे कोणी नव्हतं, तीच पुढची. मी पेटीशी बसलो. विंगेत, पडद्याच्या फटीतून बाई दिसत होत्या. मांडीवर टेपरेकॉर्डर, बोट बटणावर. त्यांनी मला मान हलवून खूण केली. भाता हलवू नका.

कावेरी रांग सोडून माझ्यापाशी आली आणि कानाशी वाकली.

"सर, आज ओठ का गळा?"

इथे मी कर्तव्य, कला वगैरे गोष्टींचा विचार केला असं लिहिता आलं असतं. मला आठवतंय ते एवढंच की तिच्या तोंडाला चिंचेचा वास येत होता, आणि ती खरंच विचारत होती. मी काही म्हटलं असतं तरी तिने ते केलं असतं.

"गळा," मी म्हणालो.

"मोठ्यांदा?"

"मोठ्यांदा."

ती पळत जागेवर गेली आणि शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली. ते रांगेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, ज्येष्ठमधाच्या काडीसारखं. मी भाता हलवला आणि काळी एकचा सूर दिला.

पहिली ओळ अगदी लहान आली. माझी नजर बाईंच्या बोटावर होती. ते बटणावरच होतं. नुसतं दाबायचं बाकी. दुसऱ्या ओळीला आवाज थोडा रुंद झाला. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. शेजाऱ्याचा आवाज कसा असतो हे त्यांना कालपरवाच कळलं होतं, अजून नवल ओसरलं नव्हतं. अंतऱ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून नाक ओढलं. ते माइकमधून मांडवभर गेलं, आणि परीक्षकांपैकी एका बाईंनी नकळत रुमाल काढला. दुसऱ्या अंतऱ्याला रांगेची डावी बाजू उजवीच्या पुढे निघाली. पण डावी बाजू 'तेल'पाशी जराशी रेंगाळली, उजवीने तिला गाठलं, आणि ज्योतीला सगळे बरोबर पोचले.

मी परत फटीकडे पाहिलं. बाईंचं बोट बटणावर नव्हतं. दोन्ही हात टेपरेकॉर्डरवर दुमडून ठेवलेले होते, आणि बाई ओठ हलवत होत्या. शब्दाशब्दाला. आवाज न काढता.

ढाल गिरणीकडच्या शाळेला गेली. आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं, म्हणजे उरलेलं बक्षीस, परीक्षकांना घरी नेता येत नाही म्हणून दिलेलं.

विंगेत बाई कॅसेट पिशवीत घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐन वेळी अडकली हो कॅसेट."

"हो," मी म्हणालो.

तेवढ्यात शिपाई आला. अप्पासाहेबांनी बोलावलंय.

अप्पासाहेब मांडवाच्या कडेला एकटेच उभे होते. पाहुण्यांना चहाला पाठवलं होतं. चेहरा, आलेल्या मालात खडे निघाल्यासारखा.

"वैरागकर, बोलू का स्पष्ट?"

"बोला ना, अप्पासाहेब."

"पोरीचा आवाज बसलाय."

ते जरा जवळ सरकले.

"गेल्या वर्षी काय गात होती! नुसती घंटा. एवढ्या पोरांत तिचाच येगळा ऐकू यायचा मला. आन् आज? आज सगळ्यांचा येतोय आन् तिचा त्यातलाच एक." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "असं का झालं?"

माझ्यामागे धारूरकर बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

"सराव कमी पडला," मी म्हणालो. दोन वर्षांत संगीताविषयी इतकं अचूक मी बोललो नव्हतो.

"तेच म्हणतो मी! एरवी आठवड्यातनं एकदा पेटी उघडायची, त्यात काय व्हतंय? म्हशीचं दूध पण रोज काढावं लागतं. बाई, सोमवारपास्नं रोज तास लावा यांचा. आन् नुसत्या कावेरीचा नको, लोक नावं ठेवतील. सगळ्यांचा लावा."

"पण अप्पासाहेब," बाई चाचरत म्हणाल्या, "ती खोली... कॉम्प्युटर..."

"ठेवा की तुमच्या ऑफिसात. कॉम्प्युटरचा काय गळा बसतोय?"

ते चहाकडे निघून गेले. बाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. हसू दाबायला माणसाला एकांत लागतो. मी मांडवाच्या खांबाला टेकलो.

कावेरी बर्फाचा गोळा चोखत आली. ओठ लालभडक.

"सर, आजोबा म्हणतात, गेल्या वर्षी जास्त चांगली गायलीस."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं." तिने गोळ्याचा रस ओढून घेतला आणि जरा विचार केला. "गेल्या वर्षी सोपं होतं."

"आणि यंदा?"

"यंदा माझं मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. मग गोळा या हातातून त्या हातात घेतला. "सोमवारपासून रोज?"

"रोज."

"ओठ?"

"नाही."

ती गर्रकन वळली. मांडवाच्या त्या टोकाला बाकीची रांग गोळेवाल्याभोवती जमली होती. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले, त्यातला एक गोळ्यासकट, आणि सगळी ताकद लावून आरोळी ठोकली :

"गळाऽऽऽ!"

तिकडून सगळ्यांनी मिळून जबाब दिला.

तो कुठल्या पट्टीत होता ते मला आजतागायत सांगता येत नाही. पेटीत तेवढ्या पट्ट्याच नाहीत.